रत्नागिरीचा थांबा

लोणावळा
रविवार, ११ जानेवारी १९७०

तिसरं पाकीट खळीनं चिकटवून मी त्यावर पाटा ठेवला, तेव्हा सरू म्हणाली, "आणि चौथं?"

"चौथं कशाला?"

"मुंबईचं झालं. बोटीचं झालं. परतीचं झालं. पणजीचं?"

"पणजीला महिपती आहे."

"आन् नसले भावजी, तर?"

मी पाटा उचलून पाहिला. खळ सुकली नव्हती.

"तर त्याच बोटीनं परत," मी म्हणालो.

महिपती, अकरा महिन्यांनी लिहितो आहे आणि सुरुवात अशी करतो आहे. पण आज दिवसभर घरात दुसरा विषय नाही. आईला तुझ्याकडे यायचं आहे. आम्ही चौघं येत आहोत. आई, मी, सरू आणि चंपा. २४ तारखेला, शनिवारी, सकाळी दहाची बोट, भाऊच्या धक्क्यावरून. रविवारी सकाळी पणजी. तुझ्या बंदर कचेरीला रविवारी सुटी असते म्हणून तोच दिवस धरला. धक्क्यावर ये.

रेल्वेनं आलो असतो तर पासावर फुकट झालं असतं. मिरजेला गाडी बदलायची, लोंढ्याला बदलायची. मी आईला कागदावर रेघा ओढून दाखवलं. ती रेघांकडे बघत राहिली.

"म्हयपती कशानं गेलता?"

"बोटीनं."

"मंग मी बी बोटीनं जाणार. तुजी रेल्वे तुला लखलाभ."

पैसे तिचे आहेत. टाकव्याच्या शेताच्या तुकड्यातला तिच्या वाट्याचा आंबेमोहोर तिनं कामशेतला नेऊन विकला. त्याचे एकशे तीस आले. एसटीनं लोणावळ्याला येऊन तिनं नोटा माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, "यात बसीव."

म्हणून बसवतो आहे. खालच्या डेकचं तिकीट सोळा रुपये, चंपाचं आठ. जाण्याचे छप्पन्न, येण्याचे छप्पन्न. मी माझे दहा घातले. उरले अठ्ठावीस. मुंबईत स्टेशनापासून धक्क्यापर्यंत टॅक्सी आणि सटरफटर, सहा. आईला चपला, आठ. राहिले चौदा. ते बोटीचं पाकीट. त्यात एक दिवस आणि एक रात्र चार माणसांनी काढायची आहे.

तू हसशील. दादा पेरू खायच्या आधी बिया मोजतो, असं तूच म्हणायचास. पण मला इथं रोख पैशाची सवय नाही. वाण्याकडे वही आहे, दूधवाल्याकडे वही आहे, कापडवालासुद्धा "न्या हो, पगार कुठं पळतोय" म्हणतो. वीस वर्षं पार्सल कचेरीत आहे. गवळीवाड्यापासून बाजारापर्यंत मला कुणी पैसे मागत नाही, एक तारखेला मीच नेऊन देतो. बोटीवर मला कोण ओळखणार? तिथं खिशात असेल तेवढाच माणूस. हा विचार आला की मी उठून पाकीट चाचपतो.

आणखी एक. आबा गेले तेव्हाची तार तुला उशिरा पोचली, त्याला मी काय करणार. हे एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

धक्क्यावर येतोस का, तेवढं एका कार्डावर कळव.

जयभीम.
गोरखदादा

लोणावळा
गुरुवार, १५ जानेवारी

माझं पत्र तुला आज मिळालं असेल, किंवा उद्या. उत्तर यायला आणखी चार दिवस धरतो. म्हणजे सोमवार.

बोटीचं वेळापत्रक मिळालं. काल कचेरीत घेऊन बसलो होतो. आमचे गार्ड बाजीराव माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होते.

"गोरखराव, रत्नागिरी बघा. थांबा चाळीस मिनिटं."

"पाहिलं."

"चाळीस मिनिटं म्हणजे काय हो! आपल्याकडं मागचं इंजिन काढायला दहा मिनिटं गाडी थांबते, तर लोक उतरून, चहा पिऊन, भांडण करून परत चढतात. चाळीस मिनिटांत जेवण होईल. वर पान."

"बोटीवर जेवण महाग असतं म्हणतात."

"बोटीवर खातो कोण? स्टेशन म्हटलं की बाहेर गाडा आलाच. मग ते पाण्यातलं का असेना."

त्यांचं म्हणणं मला पटलं. मीही तेच धरून चाललो होतो. मग रात्री हिशेब नव्यानं मांडला. दुपारची भाकरी आणि चटणी घरून. संध्याकाळी रत्नागिरीला उतरून बाहेर जेवण, चार रुपये. चहा, तीन. हमाल, एक. आईला लिंबू आणि औषध, दोन. चंपाला एक. अडीअडचणीला तीन. चौदा बरोबर झाले. पैसा इकडे नाही, तिकडे नाही.

आईला मी हे सांगितलं. तिला जेवणाचं काही वाटलं नाही. ती म्हणाली, "म्हंजी मदी जमिनीवर उतराया मिळतंय?"

"चाळीस मिनिटं."

"मंग जमंल. निम्म्यात पायाला माती लागली म्हंजी जमंल."

तिला पाण्याची भीती वाटते, महिपती. तिनं तसं म्हटलेलं नाही. आंद्रा नदीला पूर आला की ती पलीकडच्या शेतावर जायची नाही, एवढंच मला आठवतं. आता दिवसातून दोनदा रत्नागिरी विचारते.

चपला आणल्या. तिनं पायात घालून चार पावलं टाकली, काढल्या आणि फडक्यात बांधल्या. "तितं गेल्याव घालीन. सूनबाईला दिसल्या पायजेत." तुझी बायको तिनं पाहिलेली नाही. मुलगीही नाही. तू मागच्या श्रावणात टाकव्याच्या मास्तरांच्या नावानं कार्ड टाकलंस, 'मुलगी झाली, आईस सांगावे.' ते कार्ड तिच्याकडे आहे. माझ्या नावानं का टाकलं नाहीस, हे तिनं मला विचारलेलं नाही.

त्या तारेबद्दल. कामशेतच्या खिडकीवर त्या दिवशी गर्दी होती. मी एकटा होतो. मयताचं सगळं माझ्या अंगावर होतं. हे तू लक्षात घ्यायला हवं होतंस.

गोरखदादा

लोणावळा
बुधवार, २१ जानेवारी

सोमवार गेला. काल गेला. आज पोस्टमनची सायकल वळणावर दिसली तेव्हा आई ओट्यावरून खाली उतरली.

"पणजीचं काय हाय का रं भाऊ?"

"मावशी, पणजी लांब आहे. मधे समुद्र. पत्र पोहत येत असेल."

"पवतंय तर पवू दे. बुडालं न्हाई म्हंजी झालं."

तो हसला, तीही हसली. आत येऊन तिनं डाळीचं सूप हातात घेतलं आणि अंधार होईपर्यंत तीच डाळ निवडत होती.

तिकिटं काढली आहेत. एका माणसाला मुंबईला पाठवून काढून आणली. आयुष्यात पैसे मोजून काढलेलं हे माझं पहिलं तिकीट. रेल्वेतला माणूस तिकीट काढत नाही. दोन दिवस ती मी पासाच्या पाकिटात ठेवली होती, मग काढून डब्यात ठेवली.

सरू म्हणते, परतीच्या पाकिटातले दहा काढून बोटीच्या पाकिटात घाला, म्हातारं माणूस बरोबर आहे. मी नाही म्हणालो. ते पाकीट फोडायचं नाही. तू आला नाहीस तर तीच बोट परत फिरते, तिच्यात बसायचं, मुंबईपर्यंत यायचं, मुंबईपासून पास आहे. आईला सांगायचं की पत्र गहाळ झालं. हे सगळं मी ठरवून ठेवलं आहे. सरू म्हणाली, "न यायचं एवढं ठरवलंय, यायचं काय ठरवलंय?"

मी डब्यातली तिकिटं पुन्हा मोजली.

महिपती, तार मी दुसऱ्या दिवशी केली. आबा गुरुवारी सकाळी गेले. तार शुक्रवारी दुपारी केली, सगळं उरकल्यावर. तुला हे ठाऊक आहे. तारेच्या कागदावर ती कधी दिली ते लिहिलेलं असतं. वीस वर्षं स्टेशनात काढलेल्या माणसाला हे माहीत नसणार कसं? तू चौथ्या दिवशी टाकव्याला आलास, मला विचारलंस, "तार कधी केलीस?" मी म्हणालो, "लगेच." तो कागद तेव्हा तुझ्या सदऱ्याच्या खिशात होता. निळसर घडी दिसत होती. तू तो काढला नाहीस. पाणी प्यायलास आणि संध्याकाळच्या एसटीनं गेलास.

दुसऱ्या दिवशी केली कारण धावपळीत राहून गेलं. एवढंच.

आता उत्तर यायला वेळ नाही. शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं निघतो. रात्र मुंबईच्या स्टेशनात, थर्ड क्लासच्या दालनात काढायची. तिथं पैसे पडत नाहीत.

गोरखदादा

बोटीवर
शनिवार, २४ जानेवारी, दुपार

बोटीवर टपालपेटी नाही. तरी लिहितो. बसून काही करायला नाही आणि मोजायचं तेवढं मोजून झालं.

धक्क्यावर बोटीला शिडी लागली तेव्हा हमाल आधीच आत होते. आम्ही खालच्या डेकवर पोचलो तर सगळीकडे सतरंज्या पसरलेल्या आणि सतरंज्यांवर माणूस नाही.

"ही जागा कुणाची?"

"आमची. माणशी रुपया."

"जागा तिकिटात असते," मी म्हणालो.

"मग तिकीट अंथरून झोपा."

सगळे हसले. चंपाही हसली. चार रुपये गेले. तिचं अर्धं तिकीट त्यानं मानलं नाही. पाकिटात हमाल एक रुपया लिहिला होता.

अकरानंतर आईला बोट लागली. पहिल्यांदा ती नुसती डोळे मिटून बसली. मग उलट्या. दुपारची भाकरी तिनं पाहिली नाही. खालच्या डेकवर हवा नाही. तेलाचा वास येतो आणि इंजिनाचा दणका थेट पाठीत बसतो. मला तो बरा वाटत होता, घाटातल्या इंजिनासारखा. आईला वाटला नाही. उपाहारगृहातला पोऱ्या लिंबू-सोडा आणतो, साठ पैसे. सहा बाटल्या झाल्या. ती दोन घोट घेते आणि बाटली बाजूला करते. उरलेला सोडा चंपा पिते, म्हणून तिचा खाऊ वाचला असं मी धरलं.

शेजारी मालवणचे एक गृहस्थ आहेत, दत्तोबा. मुंबईच्या गिरणीत असतात. त्यांनी आईच्या हातात आवळकाठी दिली. पैसे घेतले नाहीत. मी विचारलं होतं.

आई दर थोड्या वेळानं डोळे उघडते.

"रत्नागिरी?"

"आलीच."

"किती येळ थांबनार म्हनलास?"

"चाळीस मिनिटं. तू खाली उतर, जमिनीवर बस, गरम भात खा. बरं वाटेल."

"भात नको. माती पायजे."

चहापाणी वजा जाता चार रुपये शिल्लक आहेत. तेवढेच लागणार आहेत. मी डबा धुऊन ठेवला आहे.

संध्याकाळ

रत्नागिरी आली.

आईला आम्ही दोघांनी धरून जिन्यानं वर आणलं. तिनं चपला मागून घेतल्या आणि घातल्या. माझ्या हातात रिकामा डबा. इंजिन थांबलं. समोर डोंगर होता, दीपगृह होतं, खाली घरांचे दिवे लागत होते. पण ते सगळं पाण्याच्या पलीकडे होतं. बोट धक्क्याला गेलीच नाही. ती समुद्रातच उभी राहिली. किनाऱ्यावरून मोठ्या होड्या निघाल्या, त्यांना पडाव म्हणतात. त्या बोटीला खेटल्या, रत्नागिरीची माणसं बोचकी फेकून त्यात उतरली, नवी माणसं चढली.

मी दत्तोबांना विचारलं, "धक्क्याला कधी लागणार?"

"खयच्या धक्क्याक?"

"जेवायला उतरायचं आहे. चाळीस मिनिटं थांबा आहे."

त्यांनी माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. "अहो, ह्या काय कर्जत ठेसन आसा, उतरान वडे खावक? उतरल्यार रत्नागिरीकच ऱ्हवशात!"

आजूबाजूची माणसं हसली. ते हसणं वाईट नव्हतं. मीही दुसऱ्याला हसलो असतो.

आई कठड्याला धरून उभी होती. तिला बोलणं कळलं नसावं. तिनं विचारलं, "आता उतरायचं का?"

मी म्हणालो, "इथं उतरता येत नाही."

"तू म्हनलावतास."

"माझं चुकलं."

ती खालीच बसली. जिन्याच्या तोंडाशी, लोकांच्या पायात. बसली ती उठेना. हात गार लागत होते. सरूनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता परत त्या खालच्या भट्टीत न्यायचं नाही यांना. मी नेऊ देणार नाही."

वरच्या डेकवर वारा आहे, बाकं आहेत. मी बोटीच्या कारकुनाकडे गेलो. फरक माणशी आठ रुपये. आई आणि तिच्याजवळ सरू, सोळा.

मी त्याला माझं ओळखपत्र दाखवलं. म्हणालो, "मी रेल्वेचा माणूस आहे. लोणावळा पार्सल कचेरी. एक तारखेला पगार झाला की मनीऑर्डर करतो. हवं तर लिहून देतो."

तो वाईट माणूस नव्हता. त्यानं कार्ड पूर्ण वाचलं आणि परत दिलं. "गोरखराव, सगळं खरं असेल. पण समुद्रात वाण्याची वही नसते. मला रात्री पेटी जुळवून द्यावी लागते."

"म्हातारी आहे."

"पाहिलं मी. म्हणून तर थांबलोय. बोला."

मी परतीचं पाकीट काढलं. खळ चांगली लागली होती. एका कोपऱ्यातून सुटेना, मधूनच फाडावं लागलं.

नंतर

आई वरच्या डेकवर बाकावर आहे. वारा लागल्यावर तासाभरात तिला बरं वाटलं. उपाहारगृहातून पेज मिळाली, रुपयात वाडगाभर. तिनं ती सगळी प्यायली. दत्तोबांनी सुक्या बांगड्याचा तुकडा दिला, तोही तिनं खाल्ला. चंपा तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आहे. चंपाचं तिकीट खालचं आहे, पण कारकून दोनदा जवळून गेला आणि काही बोलला नाही.

पाकिटात चाळीस उरले. चाळीसात दोन मोठी माणसं आणि चंपा परत जातात. एक माणूस मागे राहतं. तो मी, असं मी ठरवलं. पास फक्त मुंबईपर्यंतचा काढला आहे, गोव्याहून मला कोण आणणार, हे ठरवता आलं नाही.

मी आईच्या पायाशी बसलो होतो. तिनं विचारलं, "किती दिलंस?"

"सोळा."

मग तिनं विचारलं, "आबाच्या तारंला किती पडलं व्हतं?"

रागानं नाही. बाजारात भाव विचारावा तसं. मी सांगितलं नाही. मला तो आकडा आठवतो. तीनही पाकिटं मिळून जेवढं झालं त्याच्यापुढे तो काहीच नाही. तिनं शाल ओढून घेतली आणि पाण्याकडे तोंड केलं. पाण्याकडे बघत ती बसू शकते, हे मला आजच कळलं.

महिपती, राहून गेलं असं मी लिहिलं, ते खरं नाही.

गुरुवारी दुपारी मी सायकलनं कामशेतला गेलो. पांढरं कापड, मेणबत्त्या आणि उदबत्त्या घेतल्या. मग तारेच्या खिडकीशी गेलो. गर्दी नव्हती. माझ्यापुढे एकच माणूस होता, भाताचा व्यापारी. मी फॉर्म भरला. तुझं नाव, बंदर कचेरी, पणजी. आबा वारले, निघ. तीन शब्दांतच भागत होतं. पैसे हातात होते. माझी पाळी आली आणि खिडकीतल्या माणसानं हात पुढे केला. मी म्हणालो, जरा थांबा, आणि बाजूला झालो. फॉर्मची घडी केली. बाहेर येऊन फाडला.

तू दोन वर्षं गावी आला नव्हतास. मी धरून चाललो की तू येणार नाहीस. तार केली आणि तू आला नाहीस, तर अख्ख्या टाकव्यानं पाहिलं असतं की धोंडिबाचा धाकटा बापाच्या मयताला आला नाही. तार वेळेत पोचली नाही म्हणून आला नाही, हे सांगायला सोपं होतं. तुझ्यासाठी सोपं, असं मी तेव्हा म्हणालो. माझ्यासाठी सोपं होतं. मी प्रत्येक गोष्टीत आधी वाईट धरतो आणि त्याची तजवीज करून ठेवतो. तुझ्या न येण्याची तजवीज केली. तू येऊ शकशील याची केली नाही.

आई थांबा म्हणत होती. एक दिवस ठेवा, थंडी हाय, म्हयपती येतोय. मी सगळ्यांसमोर तिला म्हणालो, तार केली आहे, त्याला नाही जमायचं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. बाकीच्यांनीही ठेवला. मी रेल्वेचा माणूस, तारा माझ्या रोजच्या.

तू आला असतास. शुक्रवारी रात्रीपर्यंत पोचला असतास. चौथ्या दिवशी तुझे पाय धुळीनं भरलेले पाहिले तेव्हा मला ते कळलं, कामशेतपासून चालत आला होतास. आणि त्यानंतर मी 'लगेच' म्हणालो.

आता पाकीट फोडलं आहे. तू आला नाहीस तर मी काहीच करू शकत नाही. असा मी आजवर कधी कुठं गेलेलो नाही. भीती वाटते आहे. आईला सांगायचं ते पत्र गहाळ झाल्याचंही आता सांगता येणार नाही, कारण ते तोंडातून निघणार नाही.

हे पत्र उद्या तुझ्या हातात द्यायचं. तू असलास तर.

पणजी
रविवार, २५ जानेवारी

साडेआठला बोट पणजीला धक्क्याला लागली. तू आला होतास. मी माणसं मोजत होतो, चंपानं तुला आधी पाहिलं. तू शिडीवरून वर आलास, आईला उचललंस, ती म्हणाली, "आरं सोड, मला पाय हायेत," आणि तू सोडलं नाहीस. माझ्याशी तू एकच वाक्य बोललास. "दादा, सामान किती आहे?" मी म्हणालो, तीन नग.

पत्र खिशात होतं. तुझ्या घरी चहा झाला, तुझी मुलगी आईच्या मांडीवर बसली, तरी मी ते काढलं नाही. आत्ता तू बाजारात गेला आहेस. तुझ्या बायकोकडे लिफाफा आणि वीस पैशांचं तिकीट मागून घेतलं. कुणाला लिहिता, असं तिनं विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. ती हसली नाही. समोरच्या पेटीत टाकतो आहे. आज टपाल निघत नाही. उद्या निघेल.